नकटी कोणती

अक्षर आपलं आहे हे रुक्माबाईंना आधी पोटात कळलं, डोळ्यांना मागून. करिष्मानं, त्यांच्या नातीनं, मोबाइल त्यांच्या चष्म्याजवळ धरला होता आणि दोन बोटांनी ती फोटो मोठा मोठा करत चालली होती. पिवळा पडलेला कागद, जांभळट रेषा, रेषेच्या आत रेषा, आणि अगदी आतल्या रेषेला लागून, उताराच्या कलानं जरा वाकवून बसवलेली अक्षरं : नकटी डोंगरी. त्यातल्या 'ट'चं पोट नको तितकं खोल. असा 'ट' काढू नकोस म्हणून हेड ड्राफ्ट्समन कितीदा बोलले होते. हातातली भेंडी चिरायची राहिली. सुरी तिच्यात अर्धी रुतून तशीच, आणि नाकात कुठूनसा अमोनियाचा वास, डोळ्यांत पाणी आणणारा, प्रिंटच्या खोलीतला, चाळीस वर्षांपूर्वीचा. रुआबांध्याच्या या स्वयंपाकघरात तो यायचं काही कारण नव्हतं.

“आजी, खाली कोपऱ्यात पण लिहिलं आहे. ट्रेसिंग, रु. मेश्राम. तूच ना? बोल ना!”

“मीच असन,” रुक्माबाई म्हणाल्या. “कुठून आणलं हे?”

करिष्मा दुर्गच्या कॉलेजात भूगोल शिकत होती आणि तीन महिन्यांपासून दर रविवारी एका संस्थेच्या लोकांसोबत सेमरपाऱ्याला जात होती. दल्लीच्या खाणी ओलांडून, दक्षिणेला, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढचं गाव. गावाला आपल्या जंगलावरचा हक्क कागदावर हवा होता, आणि ही पोरं त्यांना नकाशा करायला मदत करत होती. एवढं रुक्माबाईंना माहीत होतं. गावाचं नाव मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जंगल म्हटलं की त्या दुसऱ्या खोलीत जात.

“फॉर्ममध्ये गावानं लिहिलं, आमचं जंगल नकटीच्या माथ्यापर्यंत,” करिष्मा ओट्याला टेकून सांगू लागली. “ऑफिसातून कागद परत! बोले, नकटी तो नदी के उस पार है, वो तुम्हारी कैसे? आताच्या नकाशात ती पलीकडेच दाखवली आहे ना. अन् गावातला एकेक माणूस सांगून राहिला की नकटी अलीकडची. पण लोकांचं कोण ऐकते? मग एका म्हाताऱ्याच्या पेटीतून हा प्रिंट निघाला, यात नकटी अलीकडे. तू फक्त लिहून दे, की हे नाव तू फील्डच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलं. सोमवारी मीटिंग आहे.”

“पाहू.”

“पाहू काय, आजी? दो लाईन का काम है.”

“पाहू म्हटलं ना. भेंडी चिरू दे मले.”

करिष्मा फोन घेऊन बाहेर गेली. रुक्माबाईंनी भेंडी चिरली, धुतलेली कढई पुन्हा धुतली, मग गॅस न पेटवताच ओट्यापाशी उभ्या राहिल्या. जसंच्या तसं. पोरगी किती सहज बोलून गेली. जसंच्या तसं उतरवलं असतं तर या चाळीस वर्षांतल्या कितीतरी रात्री झोपेच्या झाल्या असत्या. दुर्गला स्टेशनमागच्या त्या दुमजली घरात ठेकेदाराचं ड्रॉइंग ऑफिस होतं. सात टेबलं, सहा पुरुष आणि खिडकीजवळ त्या. पंचवीस वर्षांच्या, चार वर्षांचा अतुल घरी सासूजवळ, आणि पोटात सातवा महिना. पोट टेबलाच्या कडेला अडायचं म्हणून त्या जरा तिरक्या बसत. फील्डवरून पेन्सिलीनं भरलेले कागद येत, त्यावर ट्रेसिंगचा कागद ताणून त्या शाईनं रेघा ओढत. रेघ चुकली तर ब्लेडनं हळूच खरवडायची, इतकी हळू की कागदाला समजू नये. त्या कागदाच्या बाबतीत मात्र खरवडायचं काही नव्हतंच. फील्डबुक अवकाळी पावसात भिजून आलं होतं. नदीच्या दोन बाजूंना दोन डोंगर, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि नाव बरोबर मधोमध, नदीवर. नकटी डोंगरी. नावापासून एक बाण निघाला होता आणि पाण्यानं तो असा पसरला होता की कुठल्या डोंगराकडे जायचं ते त्यालाच आठवत नसावं. नावाच्या खाली बारीक अक्षरात : पायथ्याशी झिरा, बारमाही पाणी. विचारायला हवं होतं. पण हेड ड्राफ्ट्समन लग्नाला नागपूरला गेलेले, सर्व्हेअर पेशने साहेब फील्डवर, शीट संध्याकाळी जायची. रुक्मानं दोन्ही डोंगरांच्या रेषा बोटानं चाचपल्या. पलीकडचा गोल, सगळीकडून सारखा उतरत गेलेला. अलीकडच्याला मात्र एका अंगाला रेषा एकमेकींवर चढून बसल्या होत्या, म्हणजे तिथं उतार नव्हताच, तुटलेला कडा होता. कापलेलं नाक, असं तिच्या मनात आलं. आणि स्वतःशी हसूही आलं, कारण माहेरी सगळे तिलाच नकटी म्हणत; नवरा, भय्याजीसुद्धा, लग्नानंतर, लाडात आले की. तिनं पेन बुडवला आणि नाव अलीकडच्या डोंगरावर लिहिलं. झिराही तिथंच ठेवला. झालं. एवढंच झालं होतं.

एप्रिलमध्ये मारोतरावांना तिथं पाठवलं. मारोतराव म्हणजे पेशने साहेबांचे खलाशी, झेंडे-साखळ्या वाहणारे, काळे, उंच, तोंडात सदा सुपारी. नकटीच्या माथ्यावर झेंडा रोवायचा आणि साहेब येईपर्यंत खाली झिऱ्यापाशी राहायचं, असं काम. मग एका गुरुवारी जीपचा ड्रायव्हर ऑफिसात आला, पाणी प्यायला, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, मारोतराव सापडून नाही राहिले. तीन दिवस झाले. झिऱ्यापाशी पोचलेच नाहीत, पहाड चुकला. नकाशातच घोळ होता म्हणतात. कोणी रुक्माकडे पाहिलं नाही. ते न पाहणंच तिला भाजलं. तिनं पेन पुसला, शाईच्या बाटलीचं झाकण लावलं, घरी आली. माहेरी जायचं आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी भय्याजींनी तिला गाडीत बसवून दिलं. पवनीला, आईच्या घरी, ती अंगणात बाजेवर पडून राही आणि दुपारी घशाला कोरड पडली की मुद्दाम पाणी प्यायची नाही. पोटातल्या लेकराचं काय, हेही सुचायचं नाही. निशा सुखरूप झाली ते नशीब. नोकरीचा राजीनामा भय्याजींच्या हातून गेला. दोन लेकरं, कसं जमणार, असं सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. पुढच्या वर्षी दुर्गला एका लग्नाच्या पंगतीत पलीकडे बसलेलं कोणीतरी म्हणालं, “मारोतरावाचं ऐकलं ना? त्या पहाडानं खाल्लं त्याले.” रुक्मा पानावरून उठली. हात धुतला, घरी आली. त्यानंतर कधी कोणाला काही विचारलं नाही.

विचारता आलं असतं. पेशने साहेब बोरसीला राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. इथून बोरसी म्हणजे ऑटोनं अर्ध्या तासाचा रस्ता. चाळीस वर्षं तो रस्ता तिथंच होता. त्या दुर्गला जात, बाजार करत, चौदा एप्रिलच्या रॅलीत चालत, आणि बोरसीचा फाटा आला की पदर सारखा करत दुसरीकडे पाहत. अतुलनं शाळेत असताना भारताचा नकाशा काढून मागितला होता. आई, तू ट्रेसर होतीस ना? त्यांनी त्याच्या कानाखाली मारली होती. का मारली हे त्यालाही कळलं नाही आणि भय्याजींनाही. भय्याजी शेवटी शेवटी सेक्टर नऊच्या दवाखान्यात होते, तेव्हा एका दुपारी सांगून टाकावं असं फार वाटलं. पण तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदलली, आणि ते झोपले. त्यालाही आता सहा वर्षं झाली.

म्हणून संध्याकाळी करिष्मा पुन्हा “आजी, दोन ओळी” म्हणत आली तेव्हा रुक्माबाईंना पोरीचं म्हणणं ऐकूनही ऐकू येईना. गावातला एकेक माणूस सांगतो की नकटी अलीकडची. ही तर किती चांगली गोष्ट होती. पण त्यांचं मन तिला आत घेईना, दारातच उभं करून उलटतपासणी करू लागलं. जंगल हवं असलं की माणूस आपल्या अंगणातल्या डोंगराला कोणतंही नाव देईल. आणि नकटी खरंच अलीकडची असती, तर मारोतराव चुकले कसे? पुढच्या नकाशात कोणीतरी ती पलीकडे नेली ती का? चूक सापडली म्हणूनच ना? म्हणजे आता सही केली तर त्याच खोट्यावर दुसऱ्यांदा सही. आणि खरं सांगितलं, की बाई मी अंदाजानं लिहिलं, तर त्या गावाचं जंगल गेलं. एकदा एक माणूस, आता एक अख्खं गाव. एका 'ट'च्या पोटात किती जणांनी मावायचं? दोन्ही बाजूंनी तोच डोंगर. त्यांनी भाकरी थापली ती काठाला जाड आणि मध्ये फाटकी झाली.

शनिवारी सकाळी त्यांनी पांढरी साडी नेसली, निळ्या काठाची, विहारात जायची. “करिष्मा, ऑटो बोलाव. बोरसीले जाऊ.”

“बोरसी? तिथं कोण आहे?”

“ज्याच्या फील्डबुकातून उतरवलं, तो मानूस आहे. असन तर.”

तो असेल की नाही, याबद्दल रस्ताभर त्यांच्या मनात जे चाललं होतं त्याची त्यांना लाज वाटत होती. नसला तर बरं. वारला असला तर आणखी बरं; मग विचारायला कोणी उरलं नाही, आपण आलो होतो एवढं खरं. ऑटो गल्लीत वळली आणि घराच्या फाटकावर 'न. वि. पेशने' अशी पाटी दिसली, ताजी रंगवलेली, तेव्हा ती दोनदा वाचून मगच त्या खाली उतरल्या.

दार सुनेनं उघडलं. गीतांजली नाव, ते तिनंच सांगितलं, पाणी देता देता. “बाबा ना, बसलेले आहेत आत. ऐकायला थोडं कमी येतं, जोरानं बोला.” पेशने साहेब खुर्चीत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. देह आटून खुर्चीपेक्षा लहान झालेला, पण कपाळावरची ती आडवी शीर तीच. त्यांनी रुक्माबाईंकडे पाहिलं.

“मेश्राम बाई,” ते म्हणाले. “खिडकीजवळची.”

रुक्माबाईंनी घरून वाक्यं जुळवून आणली होती. साहेब, नमस्कार, एक काम होतं, अशी. ती सगळी कुठं गेली कोण जाणे. “साहेब, मी अंदाजानं लिहिलं होतं,” असं त्या एकदम बोलल्या, आणि कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं, जवळजवळ ओरडून. “फील्डबुक भिजलं होतं. बाण दिसत नव्हता. मी विचारलं नाही कोणाले. नकटी मी माझ्या मनानं अलीकडे लिहिली. मारोतराव माझ्यापायी गेले.”

करिष्मा फोन बाजूला ठेवून आजीकडे पाहत राहिली. पेशने साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांना ऐकूच गेलं नाही की काय, आणि हे सगळं पुन्हा बोलावं लागतं की काय, या भीतीनं रुक्माबाई आणखी पुढं सरकल्या.

“कुठं गेला मारोत?” साहेब म्हणाले. “गोंदियाले गेला. तिथंच गेला शेवटी, पंधरा साली. नातवंडं पाहून. मी तेरवीले जाऊन आलो.”

“पहाडानं खाल्लं म्हने त्यांले.”

“पायाची दोन बोटं खाल्ली. अन् फील्डची नोकरी. मग स्टोअरमध्ये बसला, खुर्चीत, पंख्याखाली. म्हणे, साहेब, दोन बोटांत पंखा भेटला, स्वस्तच पडलं.” साहेब हसले, हसताना त्यांना धाप लागली. गीतांजलीनं पाठ चोळली. मग ते सांगत गेले, थांबत थांबत. एप्रिलचे दिवस होते. मारोतराव पलीकडच्या डोंगराखाली झिरा शोधत दोन दिवस फिरले. दगडावरून पडले, पाय ठेचला. पाणी नव्हतंच. मोहाची झाडं होती मात्र, खाली फुलांचा सडा. ती फुलं चोखत चार दिवस काढले त्यांनी. पाचव्या दिवशी पहाटे सेमरपाऱ्याच्या बायका टोपल्या घेऊन मोह वेचायला नदी ओलांडून आल्या, तर झाडाखाली हा. बाजेवर घालून नेला, अलीकडे, झिऱ्यावर. नकटीच्या.

“नकटीच्या?” करिष्मानं विचारलं.

“नकटी अलीकडचीच आहे, बेटा. तिचं नाक कापलेलं आहे ना. हिनं बरोबर लिहिलं होतं.” ते रुक्माबाईंकडे वळले. “शीट आली माझ्याकडे. मी पाहिलं, नकटी अलीकडे. माझ्या डोक्यात ती पलीकडे बसलेली होती, एकदाच पाहिली होती, धुक्यात. मी म्हटलं, ट्रेसर पोट्टीले काय समजते. ट्रेसर पोट्टी, अन् वरून...” ते थांबले. 'वरून'च्या पुढचा शब्द खोलीत कोणी उच्चारला नाही. रुक्माबाईंना तो ऐकू आला, आणि साहेबांना कळलं की तो त्यांना ऐकू आला आहे. “लाल शाईनं खोडून पलीकडे केली मी. मारोतले तिकडं पाठवलं. तेच लाल पुढं छापत गेले, माझी दुरुस्तीची चिठ्ठी कोणी वाचलीच नाही. नकाशातच घोळ होता, हे मी खुद्द म्हणालो होतो ड्रायव्हरले. पण माझ्या हातचा घोळ.”

रुक्माबाईंनी वर पाहिलं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, एप्रिलचं पान अजून उलटायचं राहिलेलं. छातीत काहीतरी सरकत होतं, जड फर्निचर हलवताना जमिनीवर येतो तसा आवाज करत. राग यायला हवा होता. तो आलाही, दारापर्यंत. त्या 'वरून'साठी आला, त्या चाळीस वर्षांसाठी आला. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी इतक्या घाईनं आत शिरलं की रागाला बाजूला सरून उभं राहावं लागलं. मारोतराव पंख्याखाली बसले होते. सुपारी खात. इतकी सगळी वर्षं. त्यांना नातवंडं होती.

“मारोतले मी दवाखान्यातच सांगितलं,” साहेब म्हणत होते. “त्यानं मले जी शिवी दिली ती सुनेसमोर सांगत नाही. अन् महिन्यानं जेवायले घरी आला. पण तुले सांगायले पाहिजे होतं. मले वाटलं, तू नोकरी सोडली लेकरासाठी. तू विचारलं कावून नाही, बाई? एकदाही?”

“भेव लागे,” रुक्माबाई म्हणाल्या. एवढा लहान शब्द निघाला, आणि बरोबर तोच होता.

“तुले कसं समजलं पण? बाण तर नव्हता.”

“रेषा पाहिल्या, साहेब. एका बाजूनं कापलेल्या. म्हटलं, हे आपल्या जातीचं नाक आहे.” त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं. “मलेच नकटी म्हनत ना सारे.” गीतांजली फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मग साहेब हसले, मग करिष्मा. रुक्माबाईंना वाटलं आपणही हसतो आहोत, पण गाल ओले लागत होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

कागद करिष्मानं लिहिला, हिंदीत. साहेबांनी वाचला, एका ठिकाणी 'भूल से' लिहिलं होतं तिथं 'मेरी भूल से' करायला लावलं, आणि खाली सही केली. रुक्माबाईंनी त्याखाली. पेन चांगला होता, शाई एकसारखी उतरत होती. निघताना साहेब खुर्चीतून उठायला पाहत होते. “बसा, साहेब,” त्या म्हणाल्या. हात जोडले की नाही ते त्यांना नंतर आठवेना. आणि त्यांनी सगळंच माफ केलं होतं असंही नाही. 'वरून'चं काय करायचं, ते घरी जाऊन ठरवता आलं असतं. नाही ठरवलं तरी चाललं असतं.

ऑटोत करिष्मा हळूच म्हणाली, “आजी, तू हे सगळं... आबांना पण नाही सांगितलं?”

“कोनालेच नाही.”

“मला सांग. शुरू से.”

रुक्माबाईंनी सुरुवात केली ती दोन डोंगरांपासून नाही, त्याच्याही आधीपासून. ट्रेसिंगची परीक्षा द्यायला त्या आपल्या वडिलांच्या सायकलवर मागे बसून कशा गेल्या. पहिल्या दिवशी ऑफिसात त्यांना स्टूल कसं दिलं नाही. शाईचा डाग पडला तर तो जिभेनं कसा उचलायचा. एकेक आठवत गेलं, आणि त्यातलं बरंच काही चक्क आनंदाचं होतं, हे त्यांना नवलाचं वाटलं. ते सगळं त्या एका गुरुवारच्या खाली दबून पडलं होतं. पुलावर गर्दी लागली तरी त्या बोलतच होत्या. आवाज मोठा झाला होता. मराठी सुटून मध्येच हिंदी येत होती, हात हलत होते, समोरच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे अधूनमधून त्यांच्याकडे वळत होते. रुआबांध्याची कमान गेली, शाळा गेली, आणि त्या मारोतरावांना घेऊन जीप निघाली तिथवर आल्या होत्या तेव्हा घर आलं. ड्रायव्हरनं ऑटो फाटकाशी लावली. करिष्मा उतरायला पुढं सरकली. रुक्माबाई वाक्य तोडून पर्स शोधू लागल्या.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पैशासाठी हात पुढं केला नाही. सीटवरच मागं वळून बसला, कोपर टेकवून.

“फेर का होइस, दाई?”

रुक्माबाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि पुढं काय झालं ते सांगायला लागल्या.